वाचक विचारतात: सरप्लस पावडर आता मिळते का, आणि मिळाली तर परवडते का?

मागच्या अंकात रिलोडिंगवर चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच, की लष्कराची सरप्लस, म्हणजे उरलेली, पावडर (काडतुसात भरायची दारू) स्वस्तात कुठे मिळेल. बहुतेक वाचक अमेरिकेतले आहेत, पण कोकणातून आणि कोल्हापूरकडून पण पत्रं आहेत, आणि तिकडचा कायदा पूर्ण वेगळा आहे, त्यामुळे प्लीज डॅलसवाल्याचं उत्तर वाचून कणकवलीत काही करायला जाऊ नका. ज्यांना रिलोडिंग म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो: रायफलचं काडतूस उडालं की पितळेची केस उरते, ती डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून परत मापात आणायची, जुना प्रायमर (बुडाशी बसणारी, पिन आपटली की पेटणारी छोटी टोपी) काढून नवा बसवायचा, पावडर मोजून घालायची आणि वर बुलेट, म्हणजे गोळी, बसवायची. नेमकी किती पावडर घालायची ते मी इथे छापत नाही, ते पावडर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. खाली हिशोबासाठी जे आकडे येतील ते ढोबळ आहेत, लोड (खरोखर भरायचं माप) नाहीत. आणि .२२३, .३०८, .२७० असले आकडे दिसतील ती काडतुसांच्या मापांची नावं.

प्रश्न: काका, मी डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड झाल्यावर एक .२२३ आणि एक .३०८ रायफल घेतली. रेंजवरचे म्हातारे सांगतात की त्यांच्या काळात मिलिटरीची पावडर पिंपाने मिळायची, अगदी फुकटच्या भावात. दुकानात एक पौंडाचा डबा ५० डॉलरला बघितला की पोटात गोळा येतो. ही सरप्लस आता कुठे मिळते? — अ. दे., टेक्सस

म्हातारे खोटं बोलत नाहीयेत, पण ते ज्या काळाबद्दल बोलतात तो गेला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे पावडरचे डोंगर पडले होते, आणि कॅन्सासमधला ब्रूस हॉजडन नावाचा गॅस कंपनीत नोकरी करणारा माणूस होता, त्याने विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून ५०,००० पौंड ४८९५ पावडर विकत घेतली. ही ४८९५ म्हणजे अमेरिकन सैन्याच्या गरँड रायफलच्या .३०-०६ काडतुसात जायची ती. ठेवायला जागा नाही, म्हणून रेल्वेचा जुना मालडबा आणून माळावर उभा केला आणि त्यात माल भरला. १९४७ च्या सुमाराला त्याने जाहिरात देऊन विकायला सुरुवात केली, पौंडाला ७५ सेंट, आणि १५० पौंड एकदम घेतली तर ३० डॉलर, वर भाडं वेगळं. म्हणजे घाऊक भाव पौंडाला २० सेंट! त्याची मुलं शाळेत जाता जाता गाडीच्या डिकीत पावडरची पार्सलं टाकून रेल्वे स्टेशनवर पोचवायची. आज हॉजडन ही अमेरिकेतली पावडरची सगळ्यात मोठी नावं घेतली तर त्यातली एक कंपनी आहे आणि तिची सुरुवात ही अशी भंगार मालातून आहे. नंतर त्यांनी २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांची ४८३१ आणली, ती हळू जळणारी, .२७० वाल्यांना ती इतकी आवडली की सरप्लस संपल्यावर तीच पावडर नव्याने बनवून घ्यावी लागली.

अजून एक मजेची गोष्ट, आज तुमच्या .२२३ मध्ये जी गोल दाण्यांची बॉल पावडर जाते तिचा जन्मसुद्धा सरप्लसमधूनच आहे. १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीतला फ्रेड ओल्सन पहिल्या महायुद्धातली जुनी तोफेची पावडर वाया जाऊ नये म्हणून ती विरघळवून काहीतरी करता येतं का बघत होता, त्यातून ही पद्धत निघाली.

तर मग आता का नाही मिळत. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतर काही वर्षं छोटे छोटे विक्रेते होते, ओहायो, केंटकी वगैरे भागात, ते लष्कराचे उरलेले लॉट (एका वेळी बनलेला माल म्हणजे एक लॉट) किंवा मोडीत काढलेल्या काडतुसांमधून काढलेली पावडर ८ पौंडाच्या जगमध्ये, म्हणजे मोठ्या डब्यात, विकायचे. लेबलवर डब्ल्यूसी ८४४, डब्ल्यूसी ८४६ असलं काहीतरी लिहिलेलं असायचं. मोडीतल्या मालाला पुल-डाउन म्हणतात, म्हणजे बुलेट उपटून आतली पावडर ओतून घेतलेली. त्यातले बरेच विक्रेते म्हातारे झाले, धंदे बंद झाले. आणि २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने सगळं चित्र पालटलं, सरकारलाच दारूगोळा कमी पडतोय, तर सरप्लस कुठून येणार! पावडरचा मूळ कच्चा माल नायट्रोसेल्युलोज, तो कापसाच्या आखूड तंतूंपासून बनतो, त्याचीच जगभर ओढाताण आहे, आणि तोफगोळे आणि तुमची रायफल एकाच मालावर जगतात. २०२४ च्या एप्रिलपासून एका मोठ्या अमेरिकन ब्रँडने तर जागतिक तुटवडा आहे असं सांगूनच पावडरचे भाव वाढवले.

तरी अधूनमधून लॉट येतात. गन शोमध्ये, क्लबमध्ये, एखाद्या विक्रेत्याकडे. आले तर काय बघायचं ते नीट वाचा, कारण माझ्या मते खरा खर्च इथेच आहे.

दुकानातल्या डब्यातली पावडर असते तिला कॅनिस्टर ग्रेड म्हणतात. कंपनी वेगवेगळ्या लॉटचं मिश्रण करून ती एका ठरलेल्या मापात आणते, म्हणून पाच वर्षांपूर्वीचं मॅन्युअल आजच्या डब्याला चालतं. लष्कराच्या पावडरला हे मिश्रण नसतं. कारखान्यात प्रेशर मोजायची बॅरल असते, प्रत्येक लॉट आला की ते टेस्ट करतात आणि त्या लॉटसाठी वजन कमीजास्त करतात. त्यामुळे डब्ल्यूसी ८४६ चा एक लॉट आणि दुसरा लॉट यांच्यात चांगलाच फरक असू शकतो, दोन्ही लष्कराच्या दृष्टीने पास झालेले असतात तरी. तुमच्या गॅरेजमध्ये प्रेशर बॅरल नाहीये.

लष्करालासुद्धा याचा फटका बसलेला आहे. साठच्या दशकात एम-१६ रायफलच्या काडतुसात आधीची आयएमआर ब्रँडची पावडर बदलून डब्ल्यूसी ८४६ भरायला घेतली, आणि व्हिएतनाममध्ये रायफली अडकायला लागल्या, घाण जास्त साचायची, फायरिंगचा वेग वाढला, त्यात सैनिकांना क्लीनिंग किट पण धड दिलेले नव्हते. १९६७ मध्ये काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. पुढे पावडरमधलं कॅल्शियम कार्बोनेट कमी करून एम-१६ च्या ५.५६ मिलिमीटर काडतुसासाठी वेगळा प्रकार काढला तो डब्ल्यूसी ८४४. आज तुम्ही दुकानात हॉजडनची एच३३५ म्हणून जी घेता ती याच घराण्यातली, आणि बीएल-सी(२) ही ८४६ च्या घराण्यातली.

तर लॉट मिळाला तर विक्रेत्याकडून लॉट नंबर लेखी घ्या, ती नवीन सरप्लस आहे का पुल-डाउन ते विचारा, पुल-डाउन असेल तर एकाच लॉटच्या काडतुसांतली आहे का मिसळलेली ते विचारा, आणि बाजारातल्या कुठल्या पावडरच्या जवळची आहे ते. उत्तर देताना माणूस घुटमळला तर सरळ निघून जा. घेतलीत तर जवळच्या कॅनिस्टर पावडरच्या मॅन्युअलमधला सगळ्यात खालचा, स्टार्टिंगचा आकडा घेऊन तिथून सुरू करायचं, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून वेग बघायचा, आणि मॅन्युअलमधला वेग आधीच आला तर तिथेच थांबायचं, वजन अजून कमी दिसत असलं तरी. क्रोनोग्राफ नसेल तर सरप्लसच्या नादाला लागू नका, एवढं स्पष्ट सांगतो. आणि खुल्या पिशवीत, बरणीत, लेबल नसलेल्या डब्यात कोणी दिली तर फुकट असली तरी नको. दाणे बघून पावडर ओळखता येते असं सांगणारा प्रत्येक रेंजवर एक तरी असतो. नाही ओळखता येत. गोल दाण्यांच्या कितीतरी पावडरी दिसायला हुबेहूब सारख्या असतात आणि जळायचा वेग एकीचा दुसरीच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न: सरप्लस मिळत नाही हे कळलं. मग पैसे वाचवायचे कुठे? बायको म्हणते तयार काडतुसंच घे. — नि. पा., ओहायो

वहिनींचं म्हणणं एकदम फेकून देण्यासारखं नाहीये, हिशोब करून बघू.

पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७,००० ग्रेन. .२२३ ला ढोबळ २५ ग्रेन धरले तर एका पौंडात २८० काडतुसं. .३०८ ला ४४ धरले तर साधारण १६०. पौंड ५० डॉलरचा असेल तर .२२३ मागे पावडरचे १८ सेंट, .३०८ मागे ३१ सेंट. आता समजा तुम्हाला कुठून तरी पौंडामागे १० डॉलर स्वस्त मिळाली, तर .२२३ मागे वाचले साडेतीन सेंट. हजार काडतुसांमागे ३६ डॉलर. आणि ऑनलाइन मागवली की त्यावर हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी लागते, ती दर पार्सलला असते, २० पासून ५० डॉलरपर्यंत काहीही, म्हणजे एक दोन पौंड मागवलेत तर जे वाचवलं ते त्या फीमध्ये गेलं वर भाडं डोक्यावर.

म्हणून एकटे मागवू नका. क्लबमध्ये चारजण मिळून एकाच ऑर्डरमध्ये ८ पौंडाचे जग मागवायचे, फी सगळ्यांत वाटून जाते आणि ८ पौंडाच्या जगचा पौंडामागचा भाव तसाही कमी असतो. फक्त एक लक्षात ठेवा, जग आला की तो ज्याचा त्याने आख्खा घ्यायचा, चार बरण्यांत वाटून घेण्याचा उद्योग नको. पावडर मूळ डब्यातच राहिली पाहिजे, नियम पण तसाच आहे आणि सहा महिन्यांनी बरणीत काय होतं ते कोणाला आठवत नाही. प्रायमरची पण ऑर्डर त्याच पार्सलमध्ये टाका, त्यांना पण हॅझमॅट लागतंच.

दुसरं, .२२३ साध्या प्रॅक्टिससाठी तयार घेणं आणि स्वतः भरणं यात आजकाल फारसा फरक पडत नाही, केस फुकटची असली तरी. तुमचा वेळ धरला तर तोटाच. खरी बचत .३०८ मॅच (स्पर्धेच्या दर्जाची), ६.५ क्रीडमूर, .२७०, आणि असल्या महागड्या काडतुसांत आहे, तिथे तयार एक एक राउंड दीड दोन डॉलरला जातो आणि घरचा त्याच्या निम्म्यात पडतो आणि वर ग्रुप पण बारीक येतो, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात. मी स्वतः .२२३ भरणं जवळजवळ सोडलंय, हिवाळ्यात कंटाळा आला तर भरतो.

आणि स्टोरेज. एकदम भरपूर घेऊन ठेवू असं वाटतं, पण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एनएफपीए या आगीपासूनच्या सुरक्षेच्या संस्थेचा ४९५ नंबरचा नियम धरतात: घरात २० पौंडापर्यंत मूळ डब्यात ठेवता येते, २० च्या वर ५० पर्यंत असेल तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. लोखंडी तिजोरीत कुलूपबंद ठेवली म्हणजे सेफ असं लोकांना वाटतं, उलट आहे. मोकळ्यावर पेटली तर ती भसकन जळून जाते, घट्ट बंद लोखंडात पेटली तर तोच डबा बॉम्ब होतो. लाकूड फुटून वाट देतं. तुमच्या गावाचा, काउंटीचा, सोसायटीचा नियम याहून कडक असू शकतो, फायर डिपार्टमेंटला फोन करून विचारा, ते चिडत नाहीत. अपार्टमेंटवाल्यांनी तर भाडेकरार पण वाचा.

प्रश्न: आमच्या शेजारचे आजोबा वारले, आजींनी त्यांच्या गॅरेजमधले पावडरचे जुने डबे मला देऊ केलेत, काही पुठ्ठ्याचे, काही पत्र्याचे, सत्तर ऐंशीच्या दशकातले. वापरू का? नाही म्हणायला पण जड जातं. — स. जो., मिशिगन

आजींना नाही म्हणू नका, घ्या, पण वापरायला घ्या असं नाही म्हणत.

स्मोकलेस पावडर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते आयुष्यभर सावकाश विघटन पावत असतं. त्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो, बहुतेक वेळा डायफेनिलअमाइन, तो निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शोषून घेतो. स्टॅबिलायझर संपला की विघटन वेगात सुरू होतं, गरम होत जातं. गॅरेजमध्ये उन्हाळा हिवाळा झेललेला डबा असेल तर हे लवकर होतं. झाकण उघडून बघा (नाक आत घालू नका, हाताने वास आपल्याकडे घ्या): चांगल्या पावडरला थोडासा ईथरसारखा, सॉल्व्हंटचा वास असतो. आंबट, नाक झोंबणारा, अॅसिडसारखा वास आला, आत लालसर तपकिरी धूळ किंवा धूर दिसला, पत्र्याच्या आतून गंज चढलेला दिसला, तर ती मेली. ती वापरायची नाही, ठेवायची पण नाही. थोडी असेल तर बागेत लॉनवर पातळ भुरभुरून टाकतात, नायट्रोजन असतोच त्यात. जास्त असेल तर फायर डिपार्टमेंटला सांगा. कचऱ्यात किंवा टॉयलेटमध्ये टाकायची नाही.

वास ठीक असेल, सील शाबूत असेल, लेबल स्पष्ट असेल तर पावडर चाळीस वर्षांची पण छान चालते, मी चालवलीय. पण सील फुटलेला डबा असेल तर आत तीच पावडर आहे याची खात्री कोण देणार? आजोबांनी उरलेली दुसरी कुठली त्यात ओतली असेल तर? सील तोडलेले सगळे बाद, माझा नियम आहे.

जुनी पावडर सांभाळली नाही तर काय होतं याचं मोठं उदाहरण लुईझियानातलं कॅम्प मिंडेन. तिथे एका कंत्राटदाराकडे लष्कराची एम-६ नावाची तोफेची पावडर नष्ट करायला दिली होती, ती त्याने नीट साठवली नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एका बंकरमध्ये स्फोट झाला, मग तपासात निघालं की जवळजवळ दीड कोटी पौंड माल तिथे पडून आहे, काही तर उघड्यावर. आसपासच्या डॉयलिन गावातले लोक घरं सोडून गेले होते काही दिवस. तो सगळा माल बंद भट्टीत जाळून संपायला २०१७ उजाडलं. सरप्लस हा शब्द ऐकला की आपल्याला स्वस्त दिसतं, सरकारला असं काहीतरी दिसतं, म्हणून ते आता सहज विकत नाहीत.

प्रश्न: मी एच-१बी वर आहे. बंदूक घ्यायचा विचार नाही, फक्त मित्राबरोबर त्याच्या गॅरेजमध्ये रिलोडिंग शिकतोय, तो म्हणाला अर्धी पावडर तू आण. दुकानात कोणी काही विचारलं नाही. चालतं ना? — र. कु., नॉर्थ कॅरोलिना

थांबा. हे उत्तर सगळ्या एच-१बी, एच-४, एफ-१ वाल्यांनी वाचा.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात, टायटल १८ कलम ९२२ मध्ये, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला बंदी आहे. आणि दारूगोळ्याची व्याख्या कलम ९२१ मध्ये आहे, त्यात तयार काडतूस तर आहेच, पण केस, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सुटे सुटे पण त्यात आहेत. म्हणजे पावडरचा एक डबा म्हणजे कायद्याने ॲम्युनिशन. दुकानदाराने विचारलं नाही, कारण पावडर विकताना बहुतेक ठिकाणी बॅकग्राउंड चेक नसतो, पण त्याने विचारलं नाही म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि पुढच्या ग्रीन कार्डचं काय होईल ते तुम्हीच समजा. ज्याने माहीत असून तुम्हाला दिलं तो मित्र पण अडकतो.

यात अपवाद आहे, एखाद्या राज्याचं चालू, मुदतीतलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर. आपली बरीच मंडळी तोच मार्ग घेतात, हंटर एज्युकेशनचा कोर्स करून लायसन्स काढतात, दर वर्षी रिन्यू करतात. पण तुमच्या राज्याचे वेगळे नियम असतात, म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाला अर्धा तास पैसे द्या, मग पावडरचं बघू. तोपर्यंत मित्राच्या गॅरेजमध्ये डबा उचलून काउंटरवर ठेवायला पण हात लावू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

प्रश्न: आमच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, रानडुकरं आणि माकडं भात आणि काजू ठेवत नाहीत. अमेरिकेतली ही सरप्लस पावडर कोणाकडून आणवली तर ठासणीत चालेल का? इकडे दारू महाग आणि मिळायला त्रास. — दोडामार्गकडून

नाही, नाही, आणि नाही. आधी जिवाचं बघू. ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठी बनलेली आहे, म्हणजे सोरा, गंधक, कोळसा. अमेरिकेतली रायफलची पावडर स्मोकलेस, तिचं प्रेशर कुठल्या कुठे जातं. काळी दारू मापट्याने मोजतात, तेच मापटं भरून स्मोकलेस घातली तर नळी तोंडाजवळ फुटते, बोटं जातात, डोळे जातात. हे होऊ शकतं असं नाही, असं घडलेलं आहे, अमेरिकेत हौशी लोकांच्या हातून सुद्धा.

आता कायद्याचं. विमानात पावडर न्यायला बंदी आहे, हातातल्या बॅगेत पण आणि चेक-इनमध्ये पण, अमेरिकन पोस्टाने पण पाठवता येत नाही. भारतात दारूगोळा बनवणं हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याशिवाय चालत नाही आणि स्फोटकांचे नियम वेगळे आहेत, ते बघणारं पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तुमच्या परवान्यावर काय आणि किती घेता येतं ते लिहिलेलं असतं, तेवढंच परवानाधारक दुकानातून घ्यायचं. त्रास होतो हे खरं आहे. एवढ्या जुन्या नळीला आतून गंज किती चढलाय ते मात्र एकदा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून बघून घ्या.

आणि भारतात लष्कराचा सरप्लस माल सामान्य माणसाला मिळतच नाही. कोणी म्हणालं की डेपोतून आलीय तर त्या माणसापासून लांब राहा. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करायला उतरवताना स्फोट झाला, ६ जण गेले, त्यात रोजंदारीवर आलेली गावातली माणसं होती. तिथे स्फोट करून झाल्यावर धातूचे तुकडे वेचायला लोक जातात, भंगाराचे पैसे मिळतात म्हणून. ते कशासाठी जातात ते कळतं हो, पण.

प्रश्न: माझा भाचा कोल्हापुरात .२२ शूटिंग करतो, स्वप्निल कुसाळेचं मेडल बघितल्यापासून घरात सगळे पेटलेत. काडतुसं फार महाग पडतात. मी इथून रिलोडिंगची प्रेस पाठवू का? — मा. शि., न्यू जर्सी

प्रेस पाठवून उपयोग नाही. ५० मीटर थ्री पोझिशन, ज्यात स्वप्निलने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, ती .२२ रिमफायरवर असते. रिमफायरमध्ये वेगळा प्रायमर नसतो, पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या घडीत आत भरलेलं असतं आणि पिन तिथे कड चेपते. एकदा चेपली की केस संपली. जगातले सगळे टॉपचे नेमबाज कारखान्यातलीच मॅच काडतुसं वापरतात, इंग्लंडची ईली वगैरे, आणि तेही आपल्या बॅरलला कुठला लॉट मानवतो ते टेस्ट करून एकाच लॉटचा साठा घेतात. भाच्याला मदत करायची असेल तर क्लबची फी भरा, जॅकेट घेऊन द्या, आणि सुरुवातीला दहा मीटर एअर रायफलवर भर द्यायला सांगा, पेलेट स्वस्त असतात.

प्रश्न: गन शोमध्ये एकजण डब्ल्यूसी ८७२ विकत होता, ८ पौंड खूपच स्वस्त. .३०८ मध्ये चालेल का? आणि आयएमआर ४८३१ च्या जागी एच४८३१ चालते का, नंबर तर सेम आहे. — वि. भो., ॲरिझोना

८७२ स्वस्त आहे कारण तिला गिऱ्हाईक नाही. ती २० मिलिमीटर तोफेची पावडर आहे, अतिशय हळू जळते. .३०८ च्या छोट्या केसमध्ये ती पूर्ण जळतच नाही, अर्धे दाणे तसेच नळीत आणि बोल्टमध्ये पडतात, वेग येत नाही. पूर्वी काही लोक मोठ्या मॅग्नम केसेसमध्ये असल्या पावडरी काठोकाठ भरून वापरायचे, आणि प्रत्येक शॉटनंतर रायफल उलटी करून दाणे झटकायचे. तुमच्याकडे .५० कॅलिबर असेल तर तुमच्यासाठी विचार करण्यासारखी आहे, .३०८ साठी घेऊ नका.

४८३१ चं उत्तर नाही असंच. आयएमआरची ४८३१ ही एच४८३१ (एच म्हणजे हॉजडन) पेक्षा जलद जळते, एकीचा डेटा दुसरीला लावला तर प्रेशर वर जातं. ४८९५ चं पण तसंच, आयएमआर आणि एच दोन्ही जवळच्या आहेत पण एक नाहीत. हॉजडनने २००३ मध्ये आयएमआर विकत घेतली, त्यामुळे आता दोन्ही एकाच कंपनीच्या डब्यात दिसतात आणि लोकांचा गोंधळ अजून वाढतो. उलट काही डबे नावाने वेगळे आणि आतून एकच आहेत: एच११० आणि विंचेस्टर २९६, एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१. तुम्ही .३०० ब्लॅकआउट भरत असाल तर पहिल्या जोडीतली दुकानात जी त्या दिवशी स्वस्त असेल ती उचला, दोन चार डॉलरचा फरक बरेचदा असतो.